पहिल्या छपाईची रेकॉर्ड आणि सासूबाई

चष्मेवाल्याला व्यसन एकच. दारू नाही, पत्ते नाहीत. जुन्या विलायती प्रोग्रेसिव्ह रॉकच्या रेकॉर्ड्स. त्याही अशा, की ऑर्गन आणि सिंथेसायझर नुसता धिंगाणा घालताहेत आणि गिटार बिचारी कोपऱ्यात गप्प. एक गाणं सुरू झालं की अख्खी बाजू संपेपर्यंत थांबायचं नाव नाही! आणि रेकॉर्ड हवी ती पहिल्या छपाईचीच. नंतरच्या छपाईत म्हणे ऑर्गनचा खर्ज गळून जातो. जातो की नाही देव जाणे, पण त्याच्याशी वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती.

गोची एवढीच, की या माणसाला चेहरा लपवता येत नसे. मनासारखी रेकॉर्ड दिसली की कान लालभडक. जुन्या सामानाचा दुकानदार तेवढंच टिपायचा. "हा एवढा खुळावलाय म्हणजे माल भारी दिसतोय," म्हणायचा आणि रेकॉर्ड विकायचाच नाही, स्वतःच्या घरी न्यायचा. दोनदा झालं असं. दोन्ही वेळा चष्मेवाला न जेवता झोपला.

आणि एक दिवस बायको बाहेरून आली ती सांगतच, "अहो, तुमची ती घुबडाच्या कव्हरची! त्या जुन्या सामानवाल्याच्या काचेत लावलीय!"

झालं! ज्या रेकॉर्डसाठी निम्मं आयुष्य काढलं ती दोन गल्ल्यांवर! चष्मेवाला उठला, बसला, पुन्हा उठला. "मी गेलो तर गेलीच ती. तू जा ना!"

"मला हसू येईल," बायको म्हणाली, आणि तिथेच हसत सुटली.

"मी जाते," चष्मेवाल्याच्या सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंची सगळी नोकरी वीज कचेरीच्या तक्रार खिडकीवर झालेली. लोक काच बडवायचे, पण यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. चष्मेवाल्याने त्यांना आपलं भिंग दिलं. "आई, मधल्या लेबलाभोवती कोरा पट्टा असतो. तिथे हाताने कोरलेली वाकडीतिकडी अक्षरं असली तर पहिली छपाई. मशीनने ठोकलेली असली तर नंतरची. आणि कृपा करून खूश दिसू नका."

"मी कधी दिसलेय?" म्हणत त्या निघाल्या.

इकडे चष्मेवाल्याचा जीव टांगणीला. त्या गडबडीत त्याने एका गिऱ्हाइकाच्या वाचायच्या चष्म्यात लांबच्या काचा बसवल्या. गिऱ्हाईक म्हणालं, "पेपर दिसत नाही, पण समोरच्या गच्चीवरचे कपडे काय सुरेख दिसतात हो!"

सासूबाई आल्या त्या बऱ्याच उशिरा. पुडकं पुढे केलं. चष्मेवाल्याने भिंग लावलं, आणि त्याचं तोंडच पडलं. अक्षरं ठोकलेली, एका ओळीत.

"आई, ही नंतरची हो!"

"माहितीये. दोन होत्या त्याच्याकडे."

"मग हाताने कोरलेली?"

"ती पण आणली." त्यांनी दुसरी पिशवी छातीशी धरली. "पण ही माझी."

"म्हणजे?"

"दुकानदार म्हणाला, वाजवून दाखवतो. मी उभ्या उभ्या ऐकली अख्खी बाजू. जावईबापू, काय हात चालतो हो त्या ऑर्गनवाल्याचा! मला तर वाटलं, हा आता पडणार, आता पडणार... पडतच नाही मेला!" आणि सासूबाई चक्क हसल्या. बायको दारातच थबकली. आईला असं हसताना तिने पाहिलंच नव्हतं.

सासूबाईंची रेकॉर्ड लागली. खर्ज असा घुमला की फळीवरचे कप किणकिणायला लागले. चष्मेवाला आनंदाने वेडापिसा होऊन हवेत बोटं नाचवत होता, सासूबाई गुडघ्यावर ताल धरून बसल्या होत्या. बाजू संपली तसा तो दोन्ही हातांनी रेकॉर्ड जपून कव्हरात घालू लागला.

"अहो, काय करताय? परत लावा."

"आई, अशी लागोपाठ नाही वाजवत! वर्षातून एकदा, फार तर दोनदा. झिजते हो ती!"

"झिजू दे. मी काय झिजत नाहीये? लावा बघू."

चष्मेवाल्याने रेकॉर्ड कव्हरातून परत काढली, आणि सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.