फुल्या दाबणारा माणूस

आमच्या ह्यांना कारखान्यात ‘फुलीवाले’ म्हणतात. मशीनच्या टच स्क्रीनवर बोट एकीकडे आणि हुकूम दुसरीकडे जायला लागला, की ह्यांना बोलावणं. स्क्रीनच्या कोपऱ्यांत फुल्या उमटतात, हे पेनाच्या बोथट टोकाने त्या मधोमध दाबतात, आणि बोटाचा नि बटणाचा मेळ बसतो. काम चोख, पण माणूस एककल्ली. घरातला आरसासुद्धा स्वतःच्या उंचीला ठोकलाय. मला त्यात फक्त माझा भांग दिसतो. बोललं की म्हणणार, “मला तर नीट दिसतंय.”

मी तिथेच रंगाचे डबे भरते, त्यामुळे ह्यांच्या कामाची गाऱ्हाणी माझ्याच डोक्यावर. रंग घोटायचं मशीन चालवणाऱ्या, चिमणी नावाच्या बाईने तर जीव नकोसा केला होता. चिमणी माझ्याएवढीच ठेंगणी. तिने ‘थांबा’ दाबलं की त्याच्या खालचं ‘वेग वाढवा’ लागायचं आणि निळा रंग भिंतीवर उडायचा. हे दोनदा फुल्या दाबून गेले आणि सुपरवायझरला सांगून मोकळे झाले, “स्क्रीन ठणठणीत आहे. बाईंनाच दाबता येत नाही.”

झालं. आता रंग उडाला तर चिमणीने परत पोती उचलायची, असं त्याने बजावलं. पोत्यांनीच तिची कंबर गेली होती.

आज पुन्हा उडाला. चिमणीने रडकुंडीला येऊन मला ओढत नेलं. हे ताठ उभे राहून फुल्या दाबत होते. मग त्यांनी ‘थांबा’ दाबलं, मशीन थांबलं.

“बघ, मला तर नीट लागतंय.”

माझं डोकंच फिरलं. हे तर आमच्या आरशाचं वाक्य.

“अहो, मशीन चालू करा आणि गुडघे वाकवा. आमच्याएवढे व्हा.”

कुरकुरत वाकले. खालून बघत ‘थांबा’ दाबलं, तर वेग वाढला आणि रंग ह्यांच्याच शर्टावर. काच जाड, बटणाचं चित्र तिच्या मागे. खालून बघणाऱ्याचं बोट खालीच पडणार.

लाल खटका दाबून त्यांनी मशीन बंद केलं आणि पेन चिमणीच्या हातात दिलं. “फुल्या तुम्ही दाबा.”

तिने दाबल्या. मशीन चालवलं, ‘थांबा’ दाबलं. थांबलं.

तेवढ्यात सुपरवायझर आला. “कुणाची चूक?”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही.

“माझी,” ते म्हणाले. “मी माझ्या उंचीला लावत होतो. बाईंना हलवू नका.”

सुपरवायझर निळ्या शर्टाकडे बघत राहिला. मग चिमणीला म्हणाला, “पुढचा ड्रम लावा.”

संध्याकाळी शर्ट भिजत घातला, तोंड धुतलं, आरशात बघितलं. भांग. मी हातोडी आणून ह्यांच्या हातात दिली.

“खिळा कुठे मारू?”

“वाका, म्हणजे कळेल.”