पलटणीचे बांगडे

मासा ताजा की शिळा, हे आम्ही मिरकरवाड्यातल्या बायका कल्ला उचलून सांगतो. पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या माशाचा कल्ला कुठून उचलायचा? मुंबईच्या एका शेटनं बंदराजवळ शेड घातली आणि पलटणीसाठी बांगडे शिजवून डब्यांत भरायचं काम काढलं, तेव्हाच मला यात कुठंतरी पाणी मुरतंय असं वाटलं. मी स्वभावानंच शंकेखोर. पण आई हट्टानं त्या कामाला गेली आणि मलाही ओढून घेऊन गेली. माझा थोरला भाऊ तेव्हा सरहद्दीवर पलटणीत होता. डबे पसंत पडले तर आपल्या हातचं कधीतरी त्याच्या पानात पडेल, एवढीच तिची आशा.

शेटनं फक्त मीठ आणि तेल घालायला बजावलं होतं. आईचा हात मात्र सारखा ओटीकडे जात होता. काय घालतेस म्हणून विचारलं, तर तिनं मलाच दटावलं. माझा संशय वाढला, पण आईची चुगली करायची कोणापाशी?

तपासणीला पलटणीकडून एक गोरा साहेब आणि उत्तरेकडचा एक हवालदार आले. दोघंही आमच्याकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. हवालदारानं डब्यांची झाकणं बोटानं दाबून पाहिली. मासा नासून फुगलेलं एकही नव्हतं. मग एक डबा फोडला, वास घेतला, घास घेतला. चावता चावता थांबला आणि थुंकला. जीभ मेली, यात विष आहे, असं हिंदुस्थानीत ओरडू लागला. शेट पांढराफटक पडला. साहेबानं शेडचं दार लावून घेतलं.

मी आईच्या ओटीकडे पाहिलं. मग एकदम उलगडा झाला. आईनं तिरफळं घातली होती. बांगड्याच्या कालवणात ती हवीतच, पण जेवताना आम्ही ती बाजूला काढतो. चावली तर जीभ बधिर होते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. परमुलखातल्या माणसाला ते सांगावं लागतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई पुढं झाली. त्याच डब्यातला बांगडा तिनं खाल्ला, तिरफळही त्यांना दाखवून चावून गिळलं आणि त्यांच्यासमोर बसून राहिली. साहेब तिच्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीनं बघत होता. मला त्याचा भयंकर राग आला. तिला काही झालं नाही. हवालदाराची जीभही हळूहळू ठिकाणावर आली. शेवटी साहेबानं शेटला सांगितलं, मासा चांगला आहे, डबे घेऊ, पण ते फळ पुन्हा दिसता कामा नये.

शेटनं हात जोडले. सुटलो एकदाचे, असं मीही मनात म्हटलं. आई जागची हलेना. घरी चल म्हटलं, तर जड जिभेनं म्हणाली, “मग पोराला कळायचं कसं, आयशीन केलान म्हणून?”