ती हद्द मी आखली

आण्णांच्या बंगल्यात सोफ्यावर जागा रिकामी होती. मी बसायला वाकलो, तेवढ्यात आण्णा म्हणाले, "तू खाली बस. नकाशा फरशीवर आंथरायचाय."

आण्णांचे बाकीचे चौघे कार्यकर्ते वर बसले. मी खाली, गुडघ्यांवर. नकाशाचा कोपरा सारखा गुंडाळत होता म्हणून त्याच्यावर एक गुडघा ठेवला. चहा आला. वरच्यांना कपबशीत, मला कागदी कपात. कागदी कप पिऊन झाल्यावर फेकून देता येतो. त्या दिवशी मी याचा अर्थ लावला नाही. खरं सांगायचं तर मला तो लावायचाच नव्हता.

आमचं गाव निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीकडं. नगरपरिषदेची निवडणूक जवळ आली होती आणि प्रभागांच्या हद्दी नव्यानं ठरायच्या होत्या. हे काम सरकारी कार्यालयाचं. लोकांसमोर यायच्या आधीच तो कच्चा नकाशा आण्णांच्या फरशीवर कसा आला, हे मी विचारलं नाही. आण्णा पक्षाचे तालुक्यातले पुढारी, मी त्यांचा बूथप्रमुख होतो. आमच्या वस्तीत बौद्ध आणि मातंगांची घरं. कुठल्या घरात किती मतं, कोण पुण्याला कामाला गेलं, कोण वारलं, सगळं मला तोंडपाठ होतं. म्हणून मला बोलावलं होतं.

आण्णांचे माझ्यावर उपकार होते. माझा बाप लातूरला डाळमिलीत हमाल होता. बारावीनंतर वसतिगृहात जागा मिळेना, तेव्हा आण्णांनी चिठ्ठी दिली. त्या चिठ्ठीवर मी पदवीपर्यंत शिकलो. आमच्या घरातला पहिला. आई म्हणायची, त्या माणसाचं नाव घेतल्याशिवाय घास घेऊ नको. मी घेत नव्हतो.

आण्णांनी वरूनच विचारलं, "का रे, दुधाला विरजण किती लागतंय?"

"चमचाभर, आण्णा."

"मंग? तुमची सगळी वस्ती एकाच भांड्यात ठेवली तर दूध राहतंय का? दोन भांड्यांत घाल. थोडं इकडं, थोडं तिकडं, म्हंजे कुठंच दही लागत न्हाई."

चौघे हसले. मीही हसलो.

ते हसणं मला अजून ऐकू येतं. भाकरी मोडताना, वर्गात फळ्यावर लिहिताना. दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच.

त्यानंतर मी जे केलं ते मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मी म्हणालो, "आण्णा, हद्द समाजमंदिराच्या गल्लीतून नेली तर घरं बरोबर अर्धी अर्धी होतात." पट्टी घेतली. पेन्सिलीला टोक केलं. शाळेत गुरुजी सांगायचे, नकाशा स्वच्छ पाहिजे. मी एका दमात रेघ ओढली. कुठं खाडाखोड नाही.

"बघा," आण्णा बाकीच्यांना म्हणाले, "शिकलेलं पोरगं असं पाहिजे."

मी चौतीस वर्षांचा होतो. तरी ऐकून छाती फुगली.

त्या रेघेनं काय केलं ते साधं आहे. ज्या प्रभागात आमच्या, म्हणजे अनुसूचित जातींच्या लोकांचं प्रमाण जास्त, तिथं राखीव जागा पडते. वस्ती एकत्र राहिली असती तर ती जागा आमच्या प्रभागात पडली असती. दोन तुकडे झाल्यावर कुठल्याच बाजूला प्रमाण पुरेना. जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथं आमची थोडी घरं आहेत, आणि त्या घरांतली माणसं आण्णांच्या शेतात, गाडीवर, गोठ्यात कामाला. शक्यतो अशी वस्ती फोडू नये असं नियमातच लिहिलेलं आहे. हे मला पुढं कळलं. पदवी असून पुढं कळलं.

आमच्या वस्तीतून पार्वतीमावशी उभी राहणार होती. अंगणवाडीत मदतनीस होती. नळ येत नव्हता तेव्हा सत्तर बायका घेऊन ती नगरपरिषदेच्या पायऱ्यांवर दिवसभर बसली होती. नळ आला. तिला सहीपुरतं लिहिता येतं, वाचता येत नाही.

नकाशा नगरपरिषदेच्या भिंतीवर लागला त्या दिवशी ती मलाच घेऊन गेली. "बघ बरं लेकरा, आपलं कुठं टाकलंय?"

मी बोट ठेवलं. "तुझं घर इकडं, मावशी. समाजमंदिर तिकडं."

"आन् नळ?"

"तिकडंच."

तिनं माझ्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. "कुणी केलं असंल रे? गल्लीतल्या माणसाबिगर हे जमायचं न्हाई."

मी तिला पुढच्या प्रभागाची हद्द वाचून दाखवायला लागलो.

चार दिवसांनी आण्णांचा फोन. "वस्तीची हरकत न्हाई असा अर्ज पाहिजे. तुझ्या अक्षरात लिही. मावशीची सही पहिली घे."

मी गेलो. मावशी तांदूळ निवडत होती.

"काय लिवलंस?"

"नकाशा बरोबर आहे, असं."

"हाय का बरोबर?"

मी पेन पुढं केलं.

"तू हाव म्हण, मी सही करते. मला वाचता येत न्हाई, पर तुला येतंय नव्हं?"

मी म्हणालो, "हाव."

तिनं हात पदराला पुसले. एकेक अक्षर दाबून सही केली. तिची सही बघून वस्तीतल्या बाकीच्या बायांनी काही न विचारता सह्या केल्या.

हरकतींची सुनावणी लातूरला होती. आम्ही आण्णांच्या गाडीतून निघालो. गाडी सुभाष चालवत होता. तो आमच्याच समाजाचा, गावाच्या त्या दुसऱ्या टोकाचा. औश्याच्या पुढं आण्णांनी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"सुभ्या, या खेपेला तू नगरसेवक. राखीव जागा तुझी."

सुभाषनं गिअर बदलला.

"पर गाडी तूच चालवायची हां! नगरसेवक झालो म्हणून मागं बसशील!"

गाडीत हसू फुटलं. सुभाषही हसला. समोरच्या आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. ओठ हसत होते. डोळे रस्त्यावर होते. मी फरशीवर गुडघे टेकून हसलो तेव्हा माझं तोंड असंच दिसलं असणार. लातूर येईपर्यंत मी मांडीवरचा अर्ज पुन्हा पुन्हा वाचत होतो.

सुनावणीत आमच्या गावाचं नाव पुकारलं. मी पुढं गेलो. मागून आण्णांचा माणूस पुटपुटला, "दे आन् ये."

मी अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, हा अर्ज खोटा आहे. सह्या मी फसवून घेतल्यात. वस्तीची हरकत आहे. ही हद्द मी आखली."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "तुम्ही? तुम्ही कोण?"

मी कुणीच नव्हतो. मला लेखी द्यायला सांगितलं, मी तिथंच उभ्यानं लिहून दिलं.

बाहेर व्हरांड्यात आण्णा ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "माझ्या चिठ्ठीवर भाकरी खाल्लीस तू."

"हाव आण्णा. खाल्ली."

एवढंच बोललो आणि एसटीनं परत आलो.

हरकत फेटाळली गेली. हद्द होती तशीच कायम झाली. सुभाष बिनविरोध निवडून आला. आजही तो गाडी चालवतो.

मावशीला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. फरशी, विरजण, पट्टी, पेन्सिल. शेवटी मावशी म्हणाली, "माझी सही परत आण."

"कागद जमा झालाय, मावशी."

"मंग माझ्या दारात कशाला आलास?"

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. समाजमंदिराच्या गल्लीत मी अजून मधोमध चालत नाही. भिंतीला धरून चालतो. तिथं जमिनीवर काही दिसत नाही. मला दिसतं.

पक्ष सोडला. शिकवणीत मुलांना शिकवतो. रविवारी घरोघर जाऊन सांगतो की हे कुणी केलं, कसं केलं, पुढच्या वेळी हरकत कुठं द्यायची, काय वाचून सही करायची. काही जण दार लावून घेतात. लावू देत. पुढच्या रविवारी मी परत जातो.

उपकार फेडायचे असतात, हे आईनं शिकवलं. खरंच आहे. पण ते मी माझ्या अंगमेहनतीनं फेडीन. माझी माणसं मोजून देऊन फेडणार नाही. आण्णांना नाही, दुसऱ्या कुठल्या पक्षालाही नाही.

पुढच्या निवडणुकीला खुल्या जागेवरून उभी राहणार, असं मावशी वस्तीत सगळ्यांना सांगते. ती मला बोलावणार नाही. मी तिचं काम करणार आहे.