रिलिंक्विशचा मी सांगितलेला अर्धा अर्थ

मंडळी, वीस वर्षं कर्जतला इंग्रजी शिकवतेय, पण आज एका क्रियापदाचा अर्थ सांगताना लाज वाटली.

सकाळी माझी आत्या कशेळ्याहून जीपने आली. शेलूची आमची जमीन विकायची आहे. विकण्याआधी बहिणीने आपला हक्क भावाच्या नावे सोडायचा, ही आमच्याकडची रीत. बदल्यात एक साडी, आणि माहेरचं दार उघडं.

वकिलाने कागद इंग्रजीत केला होता. आत्याने एका शब्दावर बोट ठेवलं. "ह्ये काय लिवलंय गं?"

"रिलिंक्विश. मूळ लॅटिन शब्द आहे आत्या. मागे ठेवून जाणं."

ती हसली. "मागं ठिवून तर मी लग्नातच गेले. आता सही कशाला पायजे?"

बाबांनी पेन पुढे केलं. आत्याने सही केली, साडी पिशवीत घातली आणि परतीची जीप गाठायला निघाली.

शब्दकोशात या शब्दाच्या अर्थात 'स्वतःच्या मर्जीने' असंही आहे. वर्गात मी त्याखाली रेघ मारते. आज तेवढंच सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी गाळलं. जमीन माझ्या बाबांच्या नावावर होणार होती ना!

तुम्ही सांगितलं असतं का?