पांढऱ्यातलं पिवळं

रंगकाकांना गॅरेजमध्ये कुणी उलट बोलत नसे. गाडीचं दार खरचटलेलं असो की बॉनेट पोचलेलं, काका गाडीभोवती एक चक्कर मारत, डोळे बारीक करत आणि डब्यांतून थेंब थेंब ओतून असा रंग जुळवत की गाडीवाल्यालाही जोड सापडू नये. मशीनने शेड काढू म्हटलं की फुरंगटून बसत. देवाने डोळे काय शोभेला दिलेत, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गर्व म्हणा हवं तर. होताच तो, आणि घरी आल्यावरही काही चपलांबरोबर दाराबाहेर राहत नसे.

घरी काकू. बरेच दिवस त्यांना जेवण जात नव्हतं, अंगाला खाज सुटायची. शेजारची ताई एकदा जिन्यात म्हणाली, "काकू, डोळे पिवळे दिसतायत हो तुमचे. दाखवून या कुणाला तरी." काकू घासलेलं पातेलं हातात तसंच धरून काकांसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, जिन्यात शेजारची ताई म्हणाली, बघा बरं. पिवळी दिसते का मी?"

काकांनी त्यांना खिडकीशी नेलं, हनुवटी वर केली, नीट निरखलं. "काही नाही. जिन्यातला बल्ब पिवळा आहे. उभा जन्म रंगात गेला माझा, मला कळणार नाही होय?"

काकूंना तेवढं पुरलं. त्या पातेलं पालथं घालायला गेल्या.

पुढे एक पांढरी गाडी परत आली. काकांनी रंगवलेलं दार उन्हात चक्क पिवळट दिसत होतं. "कुठंय पिवळं?" काका म्हणाले. सगळे खाली बघायला लागले. गॅरेजच्या मालकाने मग त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. बाई म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं, इतकं हळू की पत्ता लागत नाही. सगळंच पिवळं झालं की पिवळं म्हणून वेगळं काही दिसतच नाही. काकांनी मान डोलावली. तेव्हा त्यांना फक्त त्या दाराची लाज वाटत होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा काकू समोर स्टुलावर बसल्या होत्या. मागची भिंत पांढरीशुभ्र, जराशी निळसरच. आणि काकू पिवळ्या. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं. काकांनी उजवा डोळा तळहाताने झाकला. डाव्याला काकू नेहमीच्याच दिसल्या, धडधाकट. त्यांनी हात काढला.

"काय झालं? दिसत नाही का?" काकूंनी घाबरून विचारलं.

"दिसतंय," काका म्हणाले, आणि सगळ्यांदेखत रडायला लागले.

मोठ्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. कावीळ पोटातल्या गाठीमुळे होती, आणि गाठ पसरली होती. आधी आला असतात तर काढता आली असती, डॉक्टर म्हणाले. इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

"मीच कुणाला बोलले नाही," काकू घाईघाईने म्हणाल्या.

काकांना ते सोसवेना. "खोटं बोलतेय ती. विचारायला आली होती मला. मीच नाही म्हणालो." काकूंनी त्यांचा हात दाबला, गप्प बसा म्हणून.

काकू गेल्या. काका गॅरेजमध्ये परत आले, पण शेडला हात लावेनात. नुसतं पॉलिश करत बसत. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून टाका म्हणून मालक मागे लागला. काकांनी फडकं पिळून बाजूला ठेवलं.

"डावा राहू द्या तसाच," ते म्हणाले. "त्याला ती शेवटपर्यंत बरी दिसत होती."