सायकलीवरून दिसलेला घाव

लेओन्स बार्दांने चार वर्षांपूर्वी एक शपथ घेतली होती आणि ती इमानाने पाळलीही होती: कायूच्या बागेत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तिकडे बघायचं नाही, अशी शपथ मात्र त्याने घेतलेली नव्हती. त्यामुळे आठवड्यातून तीनदा सायकलवाल्या पाहुण्यांना घेऊन निघाला की कायूपाशी त्याचा वेग आपोआप कमी व्हायचा. एक पाय जमिनीला टेकवून, सीटवर बसल्या बसल्याच मान लांब करून तो ओळीन् ओळ तपासायचा. काही चुकलेलं दिसलं तर त्याचा दिवस छान जायचा. बहुतेक वेळा काहीच दिसत नसे, मग दुपारचं जेवण त्याला गोड लागत नसे.

कायू ही मोंतेरे गावाबाहेरची सव्वा एकराची द्राक्षांची बाग. दगडगोट्यांची जमीन, जुन्या वेली, आणि कडेने गेलेली हिरवी वाट. पूर्वी त्या जागी रेल्वेचे रूळ होते. ते उखडून तिथे सायकलींचा रस्ता केला, मोटारींना बंदी घातली, आणि तेव्हापासून उन्हाळाभर बेल्जियन आणि डच मंडळी पिशव्या लटकवून शांतपणे पेडल मारत बागांमधून जाऊ लागली. इतकी शांतता की शेजारच्या ओळीतल्या कात्रीचा आवाज ऐकू यावा. ज्याने ती कात्री चौतीस वर्षं चालवली, त्याला तो आवाज ऐकून काय वाटत असेल, हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं.

चौतीस वर्षं कायूची छाटणी लेओन्सने उक्ती घेतली होती. बाग मालकिणीची, मादाम कुर्तोंची. पण गावात म्हणायचे 'बार्दांची कायू'. काढणी संपल्यावर सगळ्यांना मोठं जेवण असायचं आणि त्यात मालकिणीच्या उजव्या हाताची खुर्ची कायूच्या छाटणीवाल्याची. मग खांदा गेला, डॉक्टरांनी कात्री बंद करायला सांगितली, आणि कायू गेली पेरीन झाकोकडे. पेरीन तेव्हा पंचविशीची. तिने लेओन्सकडे दोनदा येऊन शिकवा म्हणून विनवलं होतं. दोन्ही वेळा त्याने पाठ दुखत असल्याचं सांगितलं, आणि दुसऱ्या वेळी तर तिच्यासमोरच लाकडं रचायला घेतली.

मादाम कुर्तोंनी त्याला रिकामं बसू दिलं नाही. तळघरात दारू चाखायला येणारे पाहुणे हल्ली सायकलीवरून यायचे, त्यांना वाट दाखवायचं काम त्यांनी लेओन्सला दिलं. काम हलकं होतं आणि लोक मान द्यायचे. "ही बाग कोण छाटतं?" असं कायूपाशी कुणी ना कुणी विचारायचंच. त्याचं उत्तर ठरलेलं होतं: "मी छाटली, चौतीस वर्षं." सध्या कोण छाटतं ते तो सांगत नसे, आणि पाहुण्यांनाही दारूची घाई असायची.

बरं, पोरीने काम वाईट करावं की नाही? तेवढंही सुख तिने त्याला दिलं नाही. पहिल्या हिवाळ्यात जरा अडखळली, दुसऱ्यात सावरली, आणि तिसऱ्या वर्षी कॅफेवाली रेमोंद गल्ल्यावरून सगळ्यांदेखत म्हणाली, "बार्दांबाबा, कायू काय देखणी दिसतेय हो यंदा! तुमचीच आठवण झाली." लेओन्सने कॉफी अर्धी टाकली. त्या वर्षीच्या जेवणात पेरीन मालकिणीच्या उजवीकडे बसली होती आणि तो पाहुण्यांच्या टेबलावर. बैलाचं मटण दारूत शिजवलेलं, त्याच्या आवडीचं. त्याने ताट तसंच परत पाठवलं. आपण जळतोय हे त्याला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक असल्याने जळणं काही कमी होत नव्हतं.

आणि मग यंदाच्या मे महिन्यात त्याला ती वेल दिसली.

वाटेपासून चौथ्या ओळीत, कडेची तिसरी. शेजारच्या वेलींना वीत-वीत पालवी आणि हिचं अर्धं अंग वाळलेलं. खोडावर दोन घाव, समोरासमोर. सायकलीवरूनही त्याने ते ओळखलं. छाटणीतलं पहिलं शिक्षणच हे: मोठा घाव खोडाच्या एकाच अंगाला घालायचा. दोन्ही अंगांना घातला की रस चढायची वाट बंद होते आणि वेल काही वर्षांत अर्धी मरते. नवशिका सोडला तर ही चूक कुणी करत नाही. लेओन्स त्या दिवशी शिट्टी वाजवत घरी गेला. बायको, ओदिल, गेल्यापासून त्या घरात शिट्टी वाजली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मादाम कुर्तोंकडे गेला आणि आपल्याला किती वाईट वाटतंय हे सांगून मग वेलीचं सांगितलं. मादामनी ऐकून घेतलं. त्यांच्या आजोबांनी लावलेल्या वेली होत्या त्या. एक मेली तरी त्यांच्या जिव्हारी लागायचं. त्या म्हणाल्या, शनिवारी मीही तुमच्याबरोबर सायकलीने येते, मला दाखवा. तिचंच काम असेल तर पुढच्या वर्षी कायू तिच्याकडे राहणार नाही. जाता जाता त्यांनी विचारलं, खांदा आता कसा आहे? लेओन्सने हात डोक्यावर नेऊन दाखवला. त्या रात्री खांद्याला दोनदा मलम लावावं लागलं, पण ते त्याचं त्यालाच माहीत.

शनिवारी सहा बेल्जियन, मादाम आणि लेओन्स असे आठजण निघाले. हवा छान होती. पेरीन कायूतच होती, गुडघ्यांवर बसून फुटवे काढत. तिने मान वर करून सगळ्यांना बोंझूर केलं. लेओन्सने एक पाय टेकवला, आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात घाव म्हणजे काय, कुठे घालायचा आणि कुठे घालायचा नाही, हे पोटतिडकीने समजावलं. शेवटी त्याने बोट दाखवलं. "आणि हे असं करतात, ज्यांना घाई असते ते."

पेरीनचे हात थांबले. 

"इथून नाही, जवळून दाखवा," मादाम म्हणाल्या.

शपथेचं काय करायचं, हा विचार त्याच्या मनात आला, पण मालकीण ओळीत शिरलीसुद्धा होती. लेओन्सने सायकल गवतात आडवी केली. चार वर्षांनी त्याच्या बुटांखाली ते गोटे वाजले. तो वेलीपाशी वाकला आणि सवयीने त्याचा अंगठा घावावर गेला.

घावाच्या कडेला नव्या सालीची जाड घडी आत वळली होती. अशी घडी एका-दोन वर्षांत येत नाही. त्याने ती बोटाने मोजली, वरून पुन्हा मोजली: सहा वर्षं. मग करड्या पडलेल्या लाकडावरून त्याने अंगठा फिरवला. मधोमध एक बारीक रेघ उठलेली होती, केसाएवढी. समोरच्या घावावरही तीच. त्याच्या मोठ्या कात्रीच्या पात्याला तारेवर आपटून खाच पडली होती, आणि ती कात्री जिथे चालली तिथे ही रेघ उमटली होती. ती कात्री अजून त्याच्या घरी खिळ्याला टांगलेली होती.

सहा वर्षांपूर्वीचा मार्च. ओदिल शालों शहरातल्या दवाखान्यात, भेटायची वेळ दुपारी दोनची, आणि कायूच्या अकरा ओळी बाकी. त्या आठवड्यात आपण काय छाटलं, कुठे छाटलं, त्याला काही आठवत नव्हतं. फक्त सायकलीने शेजारच्या गावच्या स्टेशनाकडे सुसाट सुटायचो, तेवढं आठवत होतं.

त्याने वर पाहिलं. पेरीन त्याच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत जराही आश्चर्य नव्हतं. तिला माहीत होतं. पहिल्या हिवाळ्यापासून माहीत असणार. कायूतला एकेक घाव तिने हाताळलेला होता.

"माझंच दुर्लक्ष झालं, मादाम," पेरीन हळूच म्हणाली. "पुढच्या खेपेला जपेन."

"पुढच्या खेपेचं नंतर बघू," मादाम म्हणाल्या आणि लेओन्सकडे वळल्या. "जानेवारीपासून जमेल का तुम्हाला? खांदा देईल का साथ?"

कायू त्याच्या हातात होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. खुर्ची परत, नाव परत, कॅफेत रेमोंदसमोर पूर्ण कॉफी. लेओन्सने तोंड उघडलं, आणि त्याच वेळी त्याला वेलीच्या बुडाशी ते दिसलं. मुळाजवळून फुटलेला एक कोवळा फुटवा, सुंभाने काठीला अलगद बांधलेला. तो वाढवून त्याचंच नवं खोड करायचा तिचा विचार होता. सुंभाच्या गाठीवरून बांधणी गेल्या वर्षाची दिसत होती. त्याने स्वतः ही वेल केव्हाच उपटून फेकली असती.

त्याला पेरीनचा असा राग आला, जसा चार वर्षांत आला नव्हता. कालची पोर, आणि आपल्याला पाठीशी घालते? आपण बिघडवलेली वेल जगवते, आणि वर आपलं नाव राखते? तिच्याकडून भीक म्हणून कायू घ्यायची, यापेक्षा ती गेलेली बरी.

"हा घाव माझा आहे," लेओन्स म्हणाला.

मादामना ऐकू आलं नसावं. त्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि त्यांचा हात धरून त्यांचा अंगठा त्या रेघेवर टेकवला. "ओदिल आजारी होती तेव्हाचा. मीच मारला."

मादामनी अंगठा एकदा रेघेवरून फिरवला. मग पेरीन म्हणाली, "बार्दांबाबा, मला कुणी शिकवलं नाही. तुमचे घाव बघत बघत शिकले मी. हा एक सोडून." आणि तिने पुन्हा फुटवे काढायला घेतले, कारण ओळ अर्धी राहिली होती.

लेओन्स उठला. उठताना खांद्यातून कळ आली आणि ती सगळ्यांना दिसली. मादामनी जानेवारीचा विषय पुन्हा काढला नाही.

वाटेवर परत येऊन त्याने सायकल उभी केली, घंटी उगाच एकदा वाजवून पाहिली आणि सगळ्यांच्या पुढे होऊन पेडल मारायला लागला. मत्सर गेला नव्हता. उलट आता तो कुठे ठेवायचा हेच त्याला कळेनासं झालं होतं. पुलाच्या अलीकडे मागून एक बेल्जियन बाई वेग वाढवून त्याच्या शेजारी आल्या. मघाच्या बोलण्यातलं त्यांना फारसं कळलं नव्हतं. फार सुंदर बाग होती, त्या म्हणाल्या. कोण छाटतं ती?

पुढे चढ होता. लेओन्सने तो आधी अर्धा चढून घेतला.

"पेरीन झाको," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."