पहिल्या शालीचा मान

दान करावं तर या हाताचं त्या हाताला कळू नये, असं म्हणतात. आमच्या गावाने त्यात थोडी सुधारणा केली होती. हाताला कळलं नाही तरी चालेल, पण वरच्या वाडीपासून खालच्या वाडीपर्यंत सगळ्यांना कळलं पाहिजे.

हे सांगते आहे ते एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीचं. मसुऱ्याच्या पलीकडे आमचं गाव. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका होते आणि काकीकडे राहत होते. काकी विधवा, पोटी मूल नाही. आईवेगळी झाले तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. त्या वर्षी होळीच्या सुमारास तिचं पोट वाढायला लागलं. पन्नाशीच्या विधवेचं पोट वाढलं की डॉक्टरच्या आधी गाव निदान करून मोकळं होतं. विहिरीवर बायका गप्प होत, देवळात पुरुष घसा खाकरत. मी तिला बैलगाडीत घालून मालवणला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, अंडाशयाला गोळा आहे, लक्षण बरं नाही, पावसाआधी मुंबईला न्या. पुन्हा हेही सांगितलं, की बोटीने न्या, एस.टी.चे हादरे या पोटाला सोसायचे नाहीत.

आपली जीभ भलतीकडे वळली होती हे कळल्यावर गावाला भरतं आलं. मदत समिती निघाली. अध्यक्ष झाले मुंबईच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ. त्यांना ठराव लिहिल्याशिवाय जेवण जात नसे. अंडाशय हा शब्द सभ्य माणसाने उच्चारायचा नसतो, म्हणून पावत्यांवर छापलं, ‘एका भगिनीच्या उदरविकारार्थ’. लोकांनी मात्र दिलं, खोटं कशाला बोलू? आंबेवाल्यांनी दिलं, मासे विकणाऱ्या बायकांनी ओच्यातली नाणी सोडून दिली. वैशाख निम्मा सरायच्या आत पैसे पुरेसे जमले होते. बोटी अजून चालू होत्या; पाऊस तोंडावर आला की त्या बंद होत.

मी अध्यक्षांकडे पैसे मागायला गेले. ते म्हणाले, “पैसो खंय पळान जाता काय गो? पण लोकांका कळाक नको काय, कोणी दिल्यान ता?”

ठराव झाला होता. आधी जाहीर समारंभ करायचा, दानशूरांना शाल आणि नारळ द्यायचा, आणि मग रुग्णाच्या उपस्थितीत पाकीट सुपूर्द करायचं. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं होतं.

घोडं अडलं ते पहिल्या शालीवर. सर्वांत मोठी रक्कम एका मुंबईकर दुकानदाराची. पण गावात कुठलाही पहिला नारळ देवळाच्या मानकऱ्यांचा, पिढ्यान् पिढ्यांचा. मानकऱ्यांनी दिलं होतं ते खिशाला न लागेल इतपतच, पण मान काय पैशावर ठरतो? आठ दिवस बैठका झाल्या. शेवटी निर्णय देवावर सोपवला. आमच्याकडे देव सगळ्यालाच मोकळा असतो. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर मानकरी, डावी पडली तर दुकानदार.

“बा देवा म्हाराजा, पयली शाल कोणाक देवची, ता तूच सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळा मंडप गरजला.

देवाने काही सांगितलं नाही. उन्हाळा असा, की पाकळ्या वाळून तिथेच घट्ट बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कौल लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या सकाळी गुरव झाडायला आला तर दोन्ही पाकळ्या जमिनीवर. आधी कुठली पडली ते बघायला कोणी नव्हतं. मग समितीने तोड काढली की दोन शाली, दोन माणसांनी, एकाच क्षणी घालायच्या. एवढं सुचायला शेवटच्या बोटीच्या आधीचा आठवडा गेला.

मी समितीला एवढं बोलते, पण माझं काय? बोटीच्या तिकिटापुरते पैसे मला उसने मिळाले असते. शेवटची बोट सुटायच्या आधी मी काकीला म्हटलं, “चल, समारंभ गेला खड्ड्यात.” ती पेटीतलं धुवट लुगडं उन्हात घालत होती.

“आजपावत माका कोणी चार माणसांत बस म्हणूक नाय गो,” ती म्हणाली. “येकदा बसान येतंय. बोट काय, आणखी येतली.”

मी हट्ट धरला नाही. मानपत्रातली विशेषणं अजून पुरी व्हायची होती. याबद्दल मला समितीपेक्षा माझाच राग जास्त येतो.

समारंभ झाला त्याच्या आदल्या दिवशी शेवटची बोट मालवणहून गेली. देवळासमोर मांडव, खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीवर एक दानशूर. सुवासिनी ओवाळायला उभ्या होत्या, आणि ओवाळताना विधवा बाई समोर नको, असं कोणीतरी हळूच सुचवलं. त्या पोटानिशी काकीला मांडवाच्या मागच्या पडद्याआड नेलं आणि दशावतारी नाटकवाल्यांच्या सामानाच्या पेटाऱ्यावर बसवलं. मी पुढे मानपत्र वाचत होते. दोन शाली बरोबर एका क्षणी पडल्या, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी ‘सदर भगिनी’ असं सात-आठ वेळा म्हणून पाकीट माझ्या हातात दिलं. वरातीमागून घोडं आलं, पण काय थाटात आलं!

मी पडद्यामागे गेले तेव्हा ती फटीतून बघत होती.

“किती माणसां इली गो,” ती म्हणाली. “सगळी माझ्यासाठीच मा?”

मी हो म्हटलं.

मग बैलगाडी, एस.टी., घाट, कोल्हापूरहून रेल्वे. घाटात प्रत्येक वळणावर ती पोट दोन्ही हातांनी धरून बसली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तिला बराच वेळ तपासलं, कागद बघितले आणि चष्मा काढला. गोळा सगळीकडे पसरलाय, म्हणाले. महिन्याभरापूर्वी काही करता आलं असतं, आता सुरी लावण्यात अर्थ नाही.

“इतके दिवस काय करत होता तुम्ही?” ते माझ्यावरच ओरडले.

मी सगळं सांगणार होते. अध्यक्ष, मानकरी, पाकळ्या, शाली, प्रत्येकाची खरडपट्टी माझ्या जिभेवर तयार होती. पण काकी उठून बसली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कचेरीत बोलतात तशा जपून जुळवलेल्या मराठीत म्हणाली, “रागावू नका, डॉक्टरसाहेब. गावात माझा सत्कार होता.”